गोठ्याचा कोबा घोटू नका हो

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर एका आदर्श गोठ्याचा मोठा रंगीत फोटो आला होता. खाली लिहिलं होतं स्वच्छ, सुंदर, हवेशीर वगैरे, आणि गोठा खरंच हवेशीर होता, पंखे होते, पाण्याचा हौद होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यातला कोबा एवढा चकाकत होता की छताच्या ट्यूबलाइट खाली दिसत होत्या. आणि उजव्या कोपऱ्यात एक गाय उभी आहे बघा, तिचे मागचे पाय बघा. फाकवून उभी आहे, मान खाली, पाठ थोडी वर काढलेली. कास मोठी आहे म्हणून पाय फाकलेत असं कोणी म्हणेल, पण कासेमुळे फाकलेले पाय वेगळे दिसतात आणि घसरायच्या भीतीनं फाकलेले वेगळे, रोज दोन वेळा खाली बसून दूध काढणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. त्या फोटोला तुम्ही आदर्श म्हणालात म्हणून हे पत्र.

मी काही शहाणपणा शिकवायला लिहीत नाहीये, कारण असाच कोबा आम्ही स्वतः हौसेनं करून घेतला होता. गवंडी म्हणाला, वहिनी, असा घोटून देतो की तोंड दिसेल, आणि आम्हीपण हो हो म्हणालो, कारण डोक्यात एकच की शेण एका फटक्यात निघालं पाहिजे, पाईप मारला की लख्ख. त्यानं वरून कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि लोखंडी थापीनं घोट घोट घोटलं. घरातल्या ओट्यापेक्षा गोठा भारी झाला, येणारा जाणारा कौतुक करायचा. आता कळतं की तिथंच चुकलं. कोरड्यावर आपण चप्पल घालून चालतो तेव्हा काही वाटत नाही, गाय पण चालते बिचारी. पण गोठा कोरडा असतो किती वेळ? एक गाय दिवसाला १०-१५ वेळा शेण टाकते, वर मुतते, हौदातून पाणी पिताना तोंडातून निम्मं सांडते, आणि दहा गाई असल्या की मग हिशोब तुम्हीच करा.

आमची तिसऱ्या वेताची गाय, व्यायला त्रास झाला होता, वासरू मोठं होतं, ओढून काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, वासराकडे वळली आणि मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. मोठा आवाज वगैरे काही नाही, नुसता खुरं घासल्याचा कर्रर्र असा, आणि ती बेडकासारखी खाली बसली. उठायचा प्रयत्न केला की पाय अजून लांब जायचे. डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं की वासरू अडकतं तेव्हा कटीच्या हाडातून जाणारी नस दबते, त्या नसेवर मांडीचे आतले स्नायू चालतात, म्हणजे पाय आत ओढून धरायचं काम, आणि तीच ताकद कमी झाली असताना खाली असा कोबा, मग पाय फाकणारच, आणि एकदा पूर्ण फाकले की आतला स्नायूच फाटतो. त्यात नुकत्याच व्यालेल्या गाईचं कॅल्शियम उतरलेलं असतं, म्हणजे अंगात जोर नाही तो वेगळाच. आम्ही सहा-सात जणांनी तिला ताडपत्रीवर घेऊन मातीत हलवलं, दोन्ही पायांना मऊ पट्टा बांधून मधे फूटभर अंतर ठेवलं, दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, रात्री पण. पाचव्या दिवशी गेली.

त्यानंतर आम्ही जे केलं ते अजून येडेपणाचं, ते पण सांगते कारण हे बरेच जण करतात. आमचे हे रागानं छिन्नी हातोडी घेऊन बसले आणि दोन माणसं लावून सगळ्या कोब्याला टाचे मारले. भिंतीला प्लास्टरच्या आधी मारतात ना, तसे. घसरणं बंद झालं, शंभर टक्के बंद झालं, आम्ही खूश. दोन-अडीच महिन्यांनी एक गाय लंगडायला लागली, मग दुसरी, मग तिसरी. खूर उचलून बघितलं तर तळवा एवढा पातळ झालेला की अंगठ्यानं दाबला तर दबायचा, आतून गुलाबी दिसायला लागलेला. गाईचं नख महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढतं, तेवढंच झिजलं तर बरोबर, पण खाली कानस असल्यासारखी जमीन असेल तर वाढण्यापेक्षा झीज जास्त होणार ना. त्यात ओल्यात सतत उभं राहिलेलं खूर मऊ पडतं, भिजलेलं नख आपलं पण कसं पटकन कापलं जातं तसं, मग ते अजून लवकर झिजतं. मागच्या पायांच्या बाहेरच्या नखीवर वजन जास्त येतं त्यामुळे सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

म्हणजे गुळगुळीत पण नको आणि खरबरीत पण नको, मग पाहिजे काय? हे कळायला आम्हाला दोन गाई आणि दीड वर्ष लागलं, आणि उत्तर एवढं साधं आहे की कोणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं अजून वाटतं. खाचा. जमीन सपाट, आणि त्यात ठरावीक अंतरावर खाचा.

कारण असं की गाय घसरते ती बहुतेक वेळा नुसत्या सिमेंटवरून नाही, सिमेंट आणि खूर यांच्यामधे शेणमुताचा जो पातळ थर असतो त्याच्यावरून. पावसात गाडीचा टायर पाण्यावर तरंगतो तसंच हे. खाच असली की पाय दाबला जातो तेव्हा तो थर बाजूला होऊन खाचेत जातो आणि खूर जमिनीला लागतं, आणि तरी थोडं सरकलंच तर खुराची कड खाचेच्या कडेला अडते. झालं, एवढंच विज्ञान. म्हणून कड महत्त्वाची. गोल झालेल्या कडेवरून खूर सरळ पुढे निघून जातं, काटकोनातली कड पाहिजे.

मापं सांगते, लिहून ठेवा. खाचेची रुंदी १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाच्या आत, खोली पण साधारण तेवढीच. एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ३ ते ४ इंच. हे अंतर का, तर गाईचं खूर ४-५ इंच लांब असतं, म्हणजे पाय कसाही पडला तरी बहुतेक वेळा एखादी खाच खुराखाली येतेच. अंतर ८-१० इंच ठेवलं (आम्ही पाहिलेत असे गोठे, काम वाचवायला केलेले) तर मधल्या पट्ट्यात ती घसरायची तशी घसरते आणि मालक म्हणतो खाचांचा काही उपयोग नाही. आणि उलटं, रुंदी जास्त केली, इंचभर वगैरे, तर खुराच्या तळव्याला आधार मिळत नाही, कडेवर सगळं वजन येतं आणि तिथं जखम होते. दोन खाचांच्या मधली जागा मात्र सपाट हवी, लाकडी थापीनं सारखी केलेली, वर खडीचं टोक आलेलं नको. खराट्यानं रेघा ओढून देतात ना काही गवंडी, ते पहिले थोडे महिने छान वाटतं, मग शेण ओढायच्या खोऱ्यानं आणि खुरांनी घासून घासून पुन्हा आरसा. ॲसिड टाकून खरबरीत करणं हा अजून एक प्रकार, तो पण फार टिकत नाही आणि वरचा थर कमजोर होतो.

खाचा कुठल्या दिशेनं हा प्रश्न सगळे विचारतात. लांब बोळ असेल तर बोळाच्या लांबीला धरून सरळ, कारण खोरं पण त्याच दिशेनं चालतं आणि शेण खाचेतून पुढे जातं, आडव्या खाचा असल्या की खोरं धडधडतं आणि शेण आत बसतं. आणि लांबीच्या खाचा पाय बाजूला फाकण्यापासून वाचवतात, जे आमच्या गाईचं झालं ते. पण जिथं गाय वळते, जिथं गर्दी करून उभ्या राहतात, दूध काढायच्या जागेत शिरताना, हौदाजवळ, दारात, तिथं एकाच दिशेच्या खाचा पुरत नाहीत. तिथं तिरप्या दोन बाजूंनी एकमेकींना कापणाऱ्या, बर्फीच्या तुकड्यासारख्या चौकटी पडतील अशा. सगळ्या गोठ्याला करायची ऐपत किंवा वेळ नसेल तर आधी ह्या जागा करा, बाकीचं नंतर.

जुन्या कोब्यात खाचा पाडता येतात, तोडून नवीन करायची काही गरज नाही, फक्त कोबा चांगला जाड आणि भक्कम पाहिजे. मोठं मशीन मिळालं ज्याला एकापेक्षा जास्त ब्लेड असतात तर एका दमात होतं. आम्हाला नाही मिळालं. आम्ही हातातल्या कटरला डायमंड ब्लेड लावून केलं, त्याचं ब्लेड दोन-तीन मिलिमीटरचंच असतं, म्हणून आधी चुन्याच्या दोरीनं रेघा मारल्या, मग १० मिलिमीटर अंतर ठेवून दोन काप आणि मधली पट्टी छिन्नीनं उडवायची. कंटाळवाणं काम आहे हो, एका दिवसात चार-पाच गाईंच्या जागेपुरतंच झालं. पाणी मारत मारतच कापायचं आणि तोंडाला नीट मास्क, रुमाल नाही, ती सिमेंटची धूळ फुप्फुसाला फार वाईट. आणि वायर पाण्यात लोळत ठेवू नका, हे सांगायला लागू नये पण आमच्याकडे एकदा झटका बसलाय.

नवीन कोबा टाकत असाल तर ओल्यातच खाचा दाबता येतात, लोखंडी पट्ट्यांची चौकट करून. त्यात एक मेख आहे. पट्टी दाबली की बाजूचं काँक्रीट वर उचलतं आणि खाचेच्या दोन्ही कडांना उंचवटा तयार होतो, मग गाय त्या उंचवट्यावर उभी राहते, सपाटीवर नाही. म्हणून चौकट काढल्यावर लगेच फळीनं हलकंसं दाबून सपाट करून घ्यायचं, आणि काँक्रीट फार पातळ असताना दाबायचं नाही, नाहीतर खाच परत मिटते. पाणी जास्त टाकून गवंडी स्वतःचं काम सोपं करतो, तिथं उभं राहून लक्ष ठेवा. उतार १०० ला दीड-दोन पुरे, म्हणजे १० फुटाला दोन-अडीच इंच. ह्याच्यापेक्षा जास्त उतार दिला की पाणी जातं लवकर पण गाय पण जाते.

आता रबर मॅटबद्दल, कारण हे वाचून कोणीतरी म्हणणारच की एवढी कटकट कशाला, मॅट टाका. चांगली मॅट चांगलीच असते, खूर त्यात जरासं रुततं, गाय लांब पावलं टाकते, आम्ही पण बसायच्या जागेत घातल्यात. पण रबर गुळगुळीत असेल, जुना कन्व्हेयर बेल्ट कापून टाकलेला वगैरे, तर ओला झाल्यावर घोटलेल्या कोब्यापेक्षा जास्त घसरतो. वरून नक्षी पाहिजे, खालून पकड पाहिजे, कडा उचललेल्या नकोत, आणि मॅट उचलून खालचं शेण काढायची तयारी पाहिजे, नाहीतर खाली काय काय जमतं ते बघवत नाही. आणि मॅटवर नखं झिजत नाहीत, मग खुरं साळायला माणूस वेळेवर बोलवावा लागतो.

एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही ती म्हणजे माज, म्हणजे गाय गाभण राहायला तयार असते तो काळ, आणि एकमेकींवर चढणं ही त्याची खूण. घसरणाऱ्या जमिनीवर गाय दुसरीवर चढत नाही आणि दुसरी चढायला लागली तर खालची उभी राहत नाही, पळते. माज १२-१८ तासांचा, त्यातली अर्धी रात्र, आणि त्या वेळात गाईनं काही दाखवलंच नाही तर आपल्याला कळणार कसं? मग पुढच्या माजापर्यंत २१ दिवस गेले. पुन्हा तेच झालं की अजून २१. आम्ही खुराकाला दोष देत होतो, मिनरल मिक्श्चर बदललं, डॉक्टर बदलला, आणि गाई मात्र मोकळ्या मातीच्या पट्ट्यात सोडल्या की अर्ध्या तासात चढाचढी सुरू. तेव्हा ट्यूब पेटली. तसंच खाण्यापिण्याचं. ज्या गाईला हौदापर्यंत जायची भीती वाटते ती कमी वेळा जाते, आणि पाणी कमी म्हणजे दूध कमी.

तुमचा कोबा घसरतो की नाही हे गाईलाच विचारा. सरळ चालणारी गाय मागचं खूर साधारण पुढच्या खुराच्या ठशावर टाकते, घाबरलेली गाय आखूड टाकते आणि बाहेरच्या बाजूला टाकते, मान खाली घालून जमीन बघत चालते. वळताना थांबून थांबून वळते. अजून एक खूण आहे, तीन पायांवर उभी राहून मागच्या पायानं कानामागे खाजवते का, किंवा मान पार मागे वळवून शेपटीच्या बुडाशी चाटते का. आमच्या गोठ्यात आधीच्या कोब्यावर हे मी कधी बघितलंच नव्हतं आणि बघितलं नव्हतं हे पण लक्षात आलं नव्हतं. खाचा पाडल्यावर आठ-दहा दिवसांनी दूध काढून बादली उचलत होते तर बाजूची कालवड एक पाय वर घेऊन निवांत कान खाजवत होती. मी बादली खाली ठेवून बघत राहिले.

खाचा केल्या म्हणजे झालं असं पण नाही बरं. त्यात शेण वाळून बसलं की खाच नसल्यासारखीच, त्यामुळे रोज खोरं, आणि अधूनमधून कडक ब्रशनं खाचेच्या दिशेनं घासायचं. हौदाजवळ शेवाळ येतं ते वेगळं खरवडायचं. दूध सांडलं की लगेच पाणी, दुधाच्या चिकट थरावर माणूस पण घसरतो. आणि गाईंना पळवायचं नाही. पडण्याचे निम्मे प्रकार मी पाहिलेत ते मागून कोणीतरी हुर्र्र करून काठी आपटली म्हणून, किंवा कुत्रं आत शिरलं म्हणून. खाच कितीही चांगली असली तरी घाबरून एकदम वळणारं चार-पाचशे किलोचं जनावर ती थोपवू शकत नाही. ज्यांना लगेच काहीच करता येत नाही त्यांनी निदान व्यायला आलेली गाय आठवडाभर आधी कोब्यावरून काढून मातीत किंवा जाड भुश्याच्या बिछान्यावर बांधावी, आणि व्याल्यावर पण तीन-चार दिवस तिथंच. वळणाच्या जागी रोज वाळू पसरणं हा तात्पुरता उपाय आहे, फुकट नाही आणि गटारात जाऊन बसते, पण चालतो.

संपादक साहेब, तुमचं पान वाचून लोक गोठे बांधतात, आम्ही पण अशाच एका फोटोवरून बांधला होता. पुढच्या वेळी आदर्श गोठा छापाल तेव्हा फोटोग्राफरला सांगा की एक फोटो खाली बसून काढ, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, ज्यात खुरं आणि जमीन दिसेल. आणि मालकाला कोबा कसा केलाय ते विचारून दोन ओळी त्यावर पण छापा, पंखे किती हे नंतर.

आपली एक वाचक

ता. क. खाचा कापून झाल्यावर लगेच गाई सोडू नका, कडांना धारदार कुसळं राहतात. आम्ही सिमेंटचा एक जड ठोकळा दोरीला बांधून सगळ्या गोठ्यातून चार-पाच वेळा ओढला, मग पाणी मारून साफ केलं आणि तळहात दाबून फिरवून बघितला, जिथं टोचलं तिथं परत ओढला. आणि नवीन काँक्रीट असेल तर २८ दिवस धीर धरा, पहिले ८-१० दिवस भरपूर पाणी मारा, गाई आत घ्यायच्या आधी दोन-तीन वेळा धुवून काढा. नव्या सिमेंटचा क्षार ओल्या खुरांना खातो.